‘वारंवारता घसरली’ म्हणजे काय घसरलं?

जुळे सोलापुरातल्या एका वाचकांचा प्रश्न: “बातमीत ‘ग्रीडची वारंवारता घसरल्याने काही भागांत भारनियमन’ असं वाचलं. शेजारचे अण्णा म्हणतात, वीज वारंवार जाते तीच वारंवारता. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘वारंवारिता’ आहे. बरोबर काय?”

अण्णांचा अर्थ चुकला, पण त्यांना हसू नका. ‘वारंवार’ला मराठीत तक्रारीचाच सूर चिकटलाय: वारंवार सांगूनही, वारंवार नोटिसा देऊनही. त्यात विषय विजेचा. दुसरं काय सुचणार?

आधी रूपाचं बघू. शालेय गणितात ‘वारंवारता सारणी’ असते, विज्ञानात ‘वारंवारिता’. अर्थ दोन्हीकडे फ्रिक्वेन्सी हाच, म्हणजे एखादी गोष्ट किती वेळा घडते ते. ‘उपयोगी’वरून ‘उपयोगिता’ होतं, तसं ‘वारंवारी’ असं विशेषण मराठीत नाही. म्हणून माझं मत ‘वारंवारता’ला. पण पुस्तकांनी रुळवलेल्या ‘वारंवारिते’ला मी चूक म्हणणार नाही. मराठी विश्वकोश ‘कंप्रता’ वापरतो. कंप्र म्हणजे थरथरणारा. तारेच्या, आवाजाच्या बाबतीत शब्द देखणाच आहे, पण बोलण्यात कधी आलाच नाही. हिंदीतली ‘आवृत्ति’ आपल्याकडे आणायची तर ती थेट छापखान्यात जाते.

आता घसरतं काय? ग्रीड म्हणजे वीजकेंद्रं आणि तारांचं एकत्र जोडलेलं जाळं. आपल्या घरातल्या विजेचा प्रवाह सतत दिशा बदलतो. अशी पूर्ण आवर्तनं सेकंदाला ५०, म्हणजे ५० हर्ट्झ. हा आकडा फिरत्या यंत्रांतून येतो. फताटेवाडीच्या औष्णिक केंद्रातली टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतात; ६०ने भागा, ५० मिळतात. वापर निर्मितीपेक्षा वाढला की जास्तीची वीज त्या क्षणापुरती या फिरत्या वजनातूनच ओढली जाते, यंत्रं किंचित मंदावतात आणि आकडा खाली येतो. मग गव्हर्नर, म्हणजे यंत्राचा वेग राखणारं उपकरण, वाफेची किंवा पाण्याची झडप जास्त उघडतो. वापर अचानक कमी झाला तर याच्या उलट.

यंत्रमागाच्या मोटारीवरची पट्टी कधी वाचलीत? बऱ्याच मोटारींवर ५० हर्ट्झ आणि १४४० फेरे शेजारी शेजारी कोरलेले असतात. पहिला आकडा उतरला की दुसराही उतरतो, माग तेवढा सावकाश चालतो. दिवे मंद होणं हा मात्र वेगळा आजार. तो दाबाचा, म्हणजे व्होल्टेजचा, आणि बहुतेक वेळा आपल्या गल्लीपुरता. ‘कमी दाबाने वीज’ हे त्यालाच म्हणावं. वारंवारता गल्लीची नसते. एकत्र जोडलेल्या साऱ्या जाळ्याची एकच असते.

सोलापूरकरांनी तर हा शब्द हक्कानं वापरावा. २०१३ संपेपर्यंत दक्षिणेचं ग्रीड वेगळ्या वारंवारतेवर चालायचं. भद्रावतीसारख्या ठिकाणी वीज आधी एकदिश (डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी) करून मग पलीकडे दिली जायची, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जुळायची गरज नव्हती. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि देशभर एकच वारंवारता झाली. अशा जोडणीला ‘समकालिक’ म्हणतात. हा शब्द मला खटकतो, कारण समकालीन लेखक आठवतात; पण परिभाषेत तो पक्का बसलाय.

राहिलं भारनियमन. ठरवून, वेळापत्रक लावून वीज बंद ठेवतात ते भारनियमन. आपल्याकडे वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखायची असते. ती ४९.४पर्यंत कोसळली तर रिले, म्हणजे आपोआप चालणारी संरक्षक उपकरणं, कुणालाही न विचारता काही फीडर, म्हणजे भागाभागांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, तोडतात. त्याला मी ‘भारकपात’ म्हणेन. नियमन करायला तिथे कुणाला सवडच नसते.

म्हणून बातमीत फीडर आपोआप तुटल्याचं सांगायचं असेल, तर वाक्य असं हवं होतं: ‘ग्रीडची वारंवारता घसरल्याने काही भागांत स्वयंचलित भारकपात झाली.’ बोलताना सरळ फ्रिक्वेन्सी म्हणा, सबस्टेशनातले लोकही तेच म्हणतात.