देवाचा हिशोब कसा फेडायचा?

प्रश्न : मी जन्मापासून ख्रिस्ती आहे. मधे काही वर्षं दारूत गेली, बायकोचे दागिने विकले, घरात खूप त्रास दिला. आता दारू सुटलीय, दर रविवारी उपासनेला जातो, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देतो. तरी मनात येतं की एवढं पाप कसं फिटणार? तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळायला अजून काय करू?

उत्तर : दादा, दारू सुटली हे वाचून खूप आनंद झाला. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातली उधळ्या मुलाची गोष्ट तुम्ही संडे स्कूलपासून ऐकली असेल, पण परत एकदा नीट वाचा. बापाकडून वाटणी घेऊन ती उधळल्यावर डुकरं राखायची पाळी आलेला तो धाकटा पोरगा, घरी जाऊन काय बोलायचं ते मनात घोकून ठेवतो, की बाबा मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही, मला एका मजुरासारखं ठेवा. पण बाप त्याला लांबूनच बघतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, मुके घेतो. मुलगा बोलायला लागतो पण ते मजुराचं वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही, त्याआधीच बाप नोकरांना सांगतो, चांगला झगा आणा, हातात अंगठी घाला, पायात जोडे घाला. अजून त्याने आंघोळसुद्धा केलेली नाही!

तुम्हाला वाटतं तुम्ही धाकटा मुलगा. मला मात्र पत्र वाचून घरीच राहिलेला थोरला भाऊच जास्त आठवला, जो बापाला म्हणतो, इतकी वर्षं राबतोय पण मला कधी करडूसुद्धा दिलं नाही. घरात राहूनही तो मजुरीच मोजत बसलाय, आणि दशांश, उपासना हे सगळं तुम्हीही तसंच मोजताय असं मला वाटतं.

देव पापाकडे काणाडोळा करतो असं नाही हं, येशू ज्यावर मेला तो वधस्तंभ बघितला की त्याची किंमत कळते. पण ती ख्रिस्ताने भरली, आणि बायबलातल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो तसं आपण पापी असतानाच भरली, सुधारल्यावर नाही. तारण हे दान आहे, विश्वासाने घ्यायचं.

पंडिता रमाबाईंचंच बघा ना. १८८३ मधे इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, १८८९ मधे विधवांसाठी शारदा सदन काढलं, एवढं मोठं काम, तरी त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो नंतर मिळाला. आणि म्हणून काम थांबलं का? उलट पुढे दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्यांनी जवळ केलं, केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं.

मग दागिन्यांचं काय? बायबलातल्या जकातदार जक्कयाकडे बघा, लोकांना लुबाडणारा माणूस. येशू आधी त्याच्या घरी उतरायला निघाला, आणि मग जक्कय म्हणाला, ज्याला फसवलं त्याला चौपट परत देतो. तुम्हीही वहिनींचे दागिने जमेल तसे करून द्या, पण देवाला खूश करायला नाही, ते त्यांचे आहेत म्हणून. आणि देवाने माफ केलं म्हणजे त्यांनीही लगेच विश्वास ठेवावा अशी घाई त्यांना करू नका, त्यांनी खूप सोसलंय, त्यांना वेळ लागेल. तुमच्या पाळकांशी दोघं मिळून बोला, आणि वहिनी नको म्हणाल्या तर आधी एकटे जा.