शनिवारी आईला भेटा, पण ‘तो’ शब्द काढू नका

ताई, तुमची पोस्ट काल घाटकोपरला गाडीत चढल्यावर वाचली आणि मुलुंडला उतरेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. सातवीतली मुलगी, तोंडी विचारलं की सगळं सांगते, वहीत मात्र अर्धवट ओळी, वर्गात तिला सर्रास ‘ढ’ म्हणतात, आणि बी.एड.च्या सराव पाठांसाठी त्या शाळेत गेलेल्या तुम्ही स्टाफरूममध्ये विषय काढलात तर “तुम्ही चार दिवसांच्या पाहुण्या, आपले पाठ संपवा” असं ऐकवलं. मीपण हे ऐकलंय, २०१८ साली, बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला, जवळजवळ याच शब्दांत. पोस्टच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की शनिवारी तिच्या आईला बोलावून डिस्लेक्सियाबद्दल (म्हणजे बुद्धी चांगली असूनही लिहिता-वाचताना अडखळणं) सांगणार आहात. ते वाचून पोटात गोळा आला म्हणून एवढं लिहायला बसलेय.

नका सांगू. आईला भेटा, जरूर भेटा, पण तो शब्द तोंडातून काढू नका.

तेव्हा मी शिकवायचे त्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. पूर्व उपनगरातली शाळा, नाव कशाला घेऊ. इतिहासाच्या तासाला ‘छोडो भारत’ सांगायला उभा केला तर ८ ऑगस्ट १९४२ ची गवालिया टँकवरची सभा, दुसऱ्या दिवशी पहाटे झालेली धरपकड, सगळं असं सांगायचा की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. आणि चाचणीत त्याला वीसपैकी तीन. ‘आंदोलन’ हा शब्द तीन ओळींत तीन तऱ्हेने लिहिलेला, जोडाक्षर आलं की पेन थांबायचं. आमचं तेव्हा कॉलेजात समावेशित शिक्षणाचं (वेगळ्या गरजा असलेल्या मुलांना सगळ्यांबरोबर एकाच वर्गात शिकवण्याचं) युनिट नुकतंच झालेलं, मला वाटलं आपल्याला कळलं. पालकसभा संपल्यावर जिन्याजवळ उभं राहून त्याच्या आईला सांगून टाकलं, याला डिस्लेक्सिया आहे. ती चार घरची धुणीभांडी करणारी बाई, तिने एवढंच विचारलं, “म्हणजे डोक्यात काय झालंय का बाई?” मी पंधरा मिनिटं समजावलं, हा आजार नाही, हुशार मुलांनाही असतं वगैरे, पण घरी जाताना तिच्याबरोबर ‘डोक्याचं काहीतरी’ एवढंच गेलं.

त्यावर कडी म्हणजे मी पत्र दिलं. मुख्याध्यापकांना न दाखवता, स्वतःच्या सहीने, “विद्यार्थ्यास डिस्लेक्सिया असल्याने तपासणी व्हावी” असं. ते घेऊन ती एका कार्यालयात गेली, दिवसाचा खाडा करून. तिथे सांगितलं की शिकाऊ शिक्षिकेची सही चालत नाही, आणि आजार त्यांनीच ठरवलाय तर आमच्याकडे कशाला आलात. दुसऱ्या खेपेला शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र हवं म्हणाले, तिसऱ्या खेपेला मागच्या वर्षांची प्रगतिपत्रकं. दर वेळी एकच कागद सांगायचे! सगळी यादी पहिल्याच दिवशी का देत नाहीत हे मला आजही कळत नाही, समोरच्या बाईच्या एका दिवसाची किंमत त्या खिडकीपलीकडे कुणाला माहीतच नसते. तिचं एक काम सुटलं. मग वडील म्हणाले डोक्यातच दोष असेल तर शिकवून काय उपयोग, आणि पोराला कुर्ल्याला नातेवाइकाच्या गॅरेजमध्ये बसवलं. पाच आठवडे हजेरीपटावर नुसत्या गैरहजेरीच्या खुणा. कार्यालयाचा राग येतो तो येतोच, पण सुरुवात माझ्यापासून झाली होती.

मी मानसशास्त्रज्ञ नाही, नियमही मधेमधे बदलतात, तेव्हा सगळं खात्री करून घ्या. पण माझं स्पष्ट मत आहे की आपण निदान करायचं नाही, नोंद करायची. तारीख घालून, साध्या शब्दांत. “दहा मिनिटांत फळ्यावरच्या आठ ओळींपैकी अडीच उतरवल्या. तेच प्रश्न तोंडी विचारले, पाचपैकी पाच बरोबर.” अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की त्या वर्गशिक्षिकेला द्या, त्यांच्या वर्णनात्मक नोंदींमध्ये जाऊ द्या, तुमचं नाव नाही आलं तरी चालेल. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा. पत्र मुख्याध्यापकांच्याच सहीने जाऊ दे आणि कुठलाही अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मुंबईत सायन आणि नायर हॉस्पिटलात एलडीची, म्हणजे अध्ययन अक्षमतेची, तपासणी होते, पण ती एका फेरीत उरकत नाही, बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखन-गणित, बऱ्याच खेपा असतात, हे आईला आधीच सांगा आणि सगळ्या कागदांची यादी एकदाच लिहून आणा, शक्यतो तुम्ही स्वतः जाऊन.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, रोज चारचौघांत ‘ढ’ म्हणणं मी तरी त्यातच धरते. पण कलम हातात घेऊन स्टाफरूममध्ये शिरू नका. मी शिरले होते, आणि जी एक बाई मदत करू शकली असती तीही गप्प बसली.

तपासणीनंतर मिळणाऱ्या दाखल्याची वाट न बघता वर्गात करण्यासारखं पुष्कळ आहे. प्रश्न वाचून दाखवा, फळ्यावरचं सगळं उतरवायची सक्ती नको, तुमच्या घटक चाचणीत तिचं तोंडी घ्या, शेजारी शांत मुलगी बसवा. तुमच्या सराव पाठांत तिला एकदा तरी पुढे बोलवा आणि बोलू द्या, बाकीच्यांनी ऐकलं की ‘ढ’ म्हणणं आपोआप कमी होतं, हे मी बघितलंय. आणि खरं सांगू का, वीस आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये तक्ते आणि शैक्षणिक साधनांचे गुण मिळतात, पालकांशी कसं बोलायचं हे एका तासातही कुणी शिकवत नाही, याचा मला अजून त्रास होतो.

तो मुलगा दिवाळीनंतर परत आला. त्याची वर्गशिक्षिका (तीच, जी गप्प बसली होती) स्वतः कुर्ल्याला गॅरेजवर गेली, वडिलांशी बोलली, तो इतिहास किती छान सांगतो एवढंच बोलली. माझी इंटर्नशिप तोवर संपली होती, हे मला तिच्याकडून फोनवर कळलं.

तेव्हा शनिवारी सुरुवात तिथूनच करा. “तुमची मुलगी तोंडी फार छान सांगते हो, लिहायला मात्र तिला जड जातंय, घरी अभ्यासाला बसते तेव्हा कसं असतं?” आणि मग त्यांना बोलू द्या. काय झालं ते इथे लिहा, मी बघते.