तुर्कांनी लिपी बदलली, मग मराठीने का बदलू नये?

तुर्कस्तानने 1928 मध्ये अरबी लिपी टाकून रोमन घेतली आणि देश पुढे गेला, तर मराठीनेही रोमन घ्यायला काय हरकत आहे, असं तुम्ही विचारलंय. भरपूर हरकत आहे. लोकांचे मोडी, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीतले, कागद वाचून देणं हे माझं काम आहे, त्यामुळे प्रश्न जिव्हारी लागला.

तुर्कांची अडचण खरी होती. त्यांच्या भाषेत आठ स्वर, आणि त्यातले चार लिहायला एकच अक्षर, वाव. 1927 मध्ये दहातल्या जेमतेम एकाला लिहिता-वाचता येत होतं. ऑगस्ट 1928 मध्ये राष्ट्राध्यक्ष मुस्तफा कमालने इस्तंबूलच्या गुलहाने बागेत नवी अक्षरं जाहीर केली, मग गावोगाव स्वतः फळ्यापाशी उभा राहून शिकवली. 1 नोव्हेंबरला कायदा, डिसेंबरपासून वर्तमानपत्रं नव्या लिपीत, जानेवारीपासून पुस्तकंही. हिंमत दांडगी, यात वादच नाही.

माझी मुलगी नोकरीमुळे इस्तंबूलला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिच्या घरमालकांना माझ्या कामाबद्दल कळलं. उस्कुदारमधलं जुनं घर, गृहस्थ निवृत्त इंजिनिअर. त्यांनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत त्यांच्या पणजोबांची पत्रं. एक पोस्टकार्ड त्यांनी कौतुकाने माझ्यापुढे धरलं, ते उलटं. मलाही ती लिपी येत नाही, पण कोपऱ्यातलं तिकीट डोकं खाली करून होतं म्हणून कळलं. मी कार्ड हलकेच फिरवून दिलं, तर ते बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिले. आजीला वाचता यायचं, म्हणाले, पण ती होती तोवर कुणी विचारलं नाही. गल्लीच्या तोंडाशी दगडी पाणपोई आहे, तिच्यावर चार ओळी कोरलेल्या. लहानपणापासून तिथलं पाणी प्यायलेल्या माणसाला त्या ओळी कळत नाहीत. खुद्द कमालने 1927 मध्ये सहा दिवस केलेलं भाषणही आजच्या पोरांना सोप्या तुर्कीत करून द्यावं लागतं, कारण लिपीमागोमाग जुने अरबी-फारसी शब्दही काढून टाकले गेले.

आपल्याकडे हे मोडीच्या बाबतीत होऊन गेलंय. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा सरकारला मोडी वाचणारी माणसं जमवावी लागली. आमच्या घरी कुलकर्णीपण होतं, दोन पेट्या दप्तर होतं. थोरल्या चुलत्यांनी ते रद्दीत घातलं. वाचता येत नाही तर जागा कशाला अडवायची, हे त्यांचं म्हणणं. मी तेव्हा भांडलो, तर घरात मलाच हट्टी ठरवलं. आज त्यांचेच मुलगे इनाम जमिनीचा एखादा कागद राहिलाय का म्हणून मला फोन करतात.

तुर्कस्तानात साक्षरता वाढली ती लिपीइतकीच शाळांमुळेही, हे सांगायला हवं. आणि त्यांनी आता मागे फिरावं असंही मी म्हणत नाही. देवनागरीत तर मराठीचे स्वर नीट लिहिता येतात, आपल्याला ती अडचणच नाही.

तुम्हाला बदलाची एवढी हौस असेल तर आधी मोडी शिका. रोज तासभर बसलात तर महिन्या-दोन महिन्यांत अक्षरं लागायला लागतात. आणि घरात कागद असतील तर चुलत्यांना, मामांना विचारून आजच त्यांचे फोटो काढून ठेवा.