एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीत चूक कुठे होते? कोलोरॅडोतल्या वाचकांना उत्तरं

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. मित्राची रायफल घेऊन ऑक्टोबरात जाऊ का?

आधी परवाना काढा. अशा व्हिसावर बंदूक बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, पण इथला वैध शिकार परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकारी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. परवाना हाती येईपर्यंत सरावासाठीसुद्धा मित्राची रायफल हातात धरू नका.

प्रश्न : नेमबाजीच्या रेंजवर बाकावरून शंभर यार्डांवर माझा नेम पक्का आहे. डोंगरात अडीचशेवर गोळी झाडली, तर एल्क तसाच झाडीत गेला. चुकली असं समजून मी परतलो. काय चुकलं?

परतलात, हीच सगळ्यात मोठी चूक. नर एल्क तीनशे किलोच्या घरातला. फुप्फुसातून गोळी गेली तरी तो काही न झाल्यासारखा चालू लागतो. दाट केसांमुळे सुरुवातीला जमिनीवर रक्तही पडत नाही. गोळी सुटताच दुसरं काडतूस चढवा आणि नजर त्याच्यावरच ठेवा. तो उभा दिसला तर पुन्हा झाडा. दिसेनासा झाला तर तो उभा होता ती जागा एखाद्या झाडाच्या खुणेने ध्यानात ठेवा, अर्धा तास थांबा आणि मग तिथपासून केस, रक्त, खुरांचे ठसे शोधत जा. गोळी पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास थांबा. लगेच पाठलाग केला तर तो मैलोन्‌मैल जातो. जखमी जनावर रात्रभर तडफडत राहावं, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

आता नेमाचं. डोंगरात बाक नसतो, धाप मात्र लागलेली असते. सराव बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने करा. ज्या अंतरावरून दहापैकी नऊ गोळ्या जेवणाच्या ताटात बसतात, ती तुमची हद्द. जनावराची कूस तुमच्याकडे असू द्या आणि पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागात नेम धरा. पाठमोऱ्यावर झाडू नका. मागे दुसरा एल्क असेल तर तो बाजूला होईपर्यंत चाप दाबू नका, कारण गोळी आरपार जाते.

प्रश्न : पहाटे कळप दिसतो, पण जवळ जाईपर्यंत गायब!

तुमचा वास पोचतो. सूर्य वर येण्याआधी थंड हवा उताराने खाली वाहते, म्हणून तेव्हा खालून चढत जा. ऊन तापलं की हवा वर सरकते. तोवर तुम्ही कळपाच्या वर असायला हवं. मधल्या वेळात वारा कुठूनही फिरतो, तेव्हा बसून राहणं बरं. पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा. चिमूटभर उडवली की कळतं.

प्रश्न : थंडी होती, तरी मांडीचं मांस खराब झालं. असं का?

जाड कातडी रजईसारखं काम करते आणि मांडीच्या सांध्याजवळची ऊब रात्रभर टिकते. जनावर पडलं की त्याच तासात कातडी काढा, चार तुकडे करा, हवेशीर कापडी पिशव्यांत सावलीला टांगा. नर की मादी हे दाखवणारा अवयव मात्र मांसाला लागलेलाच राहू द्या, तपासणीत तो विचारतात. गाडी दूर असेल तर वाहून न्यायला तीन-चार फेऱ्या धराच. तेवढा दम किंवा सोबत नसेल, तर इतक्या आत जाऊन गोळी झाडू नका.