रात्री ८१ अँपिअर दाखवणारा ड्रायव्हर

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: आयएनए२२६ या वीज मोजणाऱ्या चिपसाठी मित्राने लिनक्सचा कर्नल ड्रायव्हर (लिनक्सच्या गाभ्यात बसून चिप चालवणारा कोड) लिहिला आणि तपासायला तुमच्याकडे दिला. कंपाइल होतो, चेकपॅच (कोडची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) गप्प आहे, आकडेही दिसतात. मग आता पाहायचं काय?

आकडे दिसतात यावर जाऊ नका. माझ्या ड्रायव्हरमध्येही दिसत होते. आमचं शेत आर्वीकडे. रोही आणि रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलं आहे, ते १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि बॅटरी सोलरवर. तिच्या तारेत २ मिलिओहमचा शंट (अगदी कमी ओहमचा रेझिस्टर, त्यावरच्या व्होल्टेजवरून करंट कळतो) टाकून मी हीच चिप बसवली होती. दिवसभर चार्जिंगचा करंट बरोबर. दिवस मावळला की स्क्रीनवर ८१.४२ अँपिअर! बाबा म्हणाले, "इतका करंट असता तर तार राहिली असती का बावा?" म्हणजे कोड न पाहता पहिला रिव्ह्यू त्यांनीच केला.

झालं असं होतं: रात्री बॅटरीतून साधारण अर्धा अँपिअर बाहेर जायचा. शंटवर उणे १ मिलिव्होल्ट. चिप मोजलेला आकडा रजिस्टर नावाच्या कप्प्यात ठेवते, त्याची एक पायरी २.५ मायक्रोव्होल्टची, म्हणजे आत आकडा उणे ४००. रेग्मॅप (रजिस्टर वाचून देणारा कर्नलचा भाग) तो बिनचिन्हाचा देतो, म्हणजे ६५५३६ वजा ४००, ६५१३६. मी तो १६ बिटांच्या चिन्हासहित प्रकारात न बदलता तसाच गुणला, म्हणून ८१.४२. खरं तर या चिपची शंटवरची मर्यादा ८१.९२ मिलिव्होल्ट, म्हणजे २ मिलिओहमवर ४०.९६ अँपिअरच्या वर ती मोजूच शकत नाही. डेटाशीट (चिपचं माहितीपत्रक) उघडून हा एक भागाकार केला असता तर तिथेच चोर सापडला असता.

म्हणून कोडआधी डेटाशीट. प्रत्येक रजिस्टरची पायरी कागदावर लिहा, एक अधिक आणि एक उणे आकडा हाताने सोडवा, मग कोडमधून तेच निघतं का ते पाहा. एचडब्ल्यूमॉनमध्ये (कर्नलचा सेन्सरचे आकडे दाखवणारा भाग) व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, करंट मिलिअँपिअरमध्ये, पण पॉवर मायक्रोवॉटमध्ये द्यायची असते. इथे भले भले घसरतात. ३२ बिटी एआरएम बोर्डावर 'लाँग' हा पूर्णांकाचा प्रकार ३२ बिटांचाच, म्हणजे २१४७ वॉटच्या वर मायक्रोवॉट त्यात मावत नाहीत. ३ एचपीची मोटर म्हणजे अंदाजे २२३८ वॉट, आता बोला! गुणाकार ६४ बिटांत करून शेवटी मर्यादेत बांधलाय का ते बघा. आणि ६४ बिटांचा भागाकार साध्या तिरप्या रेघेने केला असेल तर ३२ बिटी बिल्ड लिंक करतानाच अडतो. त्यासाठी कर्नलची वेगळी फंक्शनं आहेत. मित्राने फक्त लॅपटॉपवर बिल्ड केलं असेल तर हे त्याला दिसलंच नसणार.

अलार्मची मर्यादा लिहिण्याचा भाग सावकाश वाचा. वापरणारा काय वाटेल तो आकडा टाकतो. आधी क्लॅम्प (आकडा मर्यादेत बांधणं), मग गुणाकार. उलट क्रम असेल तर आकडा न मावून आधीच उलटून गेलेला असतो आणि क्लॅम्प त्याला मुकाट्याने पास करतो. डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डावर काय जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) येणारा शंटचा आकडा मायक्रोओहममध्ये असतो. तो शून्य आला तर प्रोबमध्येच (चिप सुरू करताना चालणारं फंक्शन) एरर देऊन परत फिरायला हवं, नाहीतर शून्याने भागाकार. रेग्मॅपला कॅश (वाचलेला आकडा साठवून ठेवणं) लावली असेल तर मोजमापाची रजिस्टरं व्होलाटाइल, म्हणजे दरवेळी चिपमधूनच वाचायची, म्हणून नोंदवली आहेत ना? नसली तर पहिला आकडा चिकटून बसतो, आणि सोलरच्या बॅटरीत तो तासभर खराही वाटतो.

एक गोष्ट सगळ्यांत आधी विचारायला हवी होती: नवा ड्रायव्हर हवाच कशाला? कर्नलमधला आयएनए२एक्सएक्स ड्रायव्हर ही चिप केव्हापासून चालवतो. मित्राची चिप तिचीच एखादी बहीण असेल तर त्याच ड्रायव्हरमध्ये थोड्या ओळी वाढवून भागेल. हे त्याला नीट सांगा, पोरगं रात्ररात्र बसलं असेल.

जागा, नावं, कॉमेंट यांवर मी फार वेळ घालवत नाही. ते चेकपॅच बघतो.

हाताशी चिप नसली तरी अडत नाही. आय-स्क्वेअर-सी म्हणजे ही चिप ज्या दोन तारांवर बोलते ती पद्धत; तिचं स्टब नावाचं मॉड्यूल ०x४० पत्त्यावर खोटी चिप उभी करतं. लाइट गेलेली असली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम होतं. शंटच्या १ नंबर रजिस्टरमध्ये उणे ४०० टाका. ड्रायव्हर करंट ४ नंबरमधून वाचत असेल तर तोच आकडा तिथेही टाका, कारण खोटी चिप स्वतः हिशेब करत नाही. कॅलिब्रेशन (शंटच्या आकड्यावरून करंट काढायला चिपमध्ये लिहायचा आकडा) २०४८ धरलं तर दोन्हींत आकडा सारखाच असतो. शंट २ मिलिओहम असेल तर करंट उणे ५०० मिलिअँपिअर यायला पाहिजे. फक्त बाइट्स उलटे टाका: उणे ४०० म्हणजे ०xएफई७०, पण ते नाही, ०x७०एफई. चिप मोठा बाइट आधी पाठवते आणि एसएमबस (स्टब ज्या पद्धतीने बोलतो ती) छोटा आधी धरतो. मी यातच एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.