प्रोसेसर बदलू का रॅम वाढवू?

प्रश्न : ताई, माझा लॅपटॉप २०११ चा आहे. आय३ २३१०एम प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. चालू केला की पाच मिनिटं नुसती घरघर, ब्राउझरमध्ये सहा-सात टॅब उघडले की माउससुद्धा जागीच थिजतो. मित्र म्हणतो यात क्वाड कोर आय७ बसतो, तो टाक, लॅपटॉप पळायला लागेल. रॅमपण ८ जीबी करायचा विचार आहे. आधी काय करू आणि प्रोसेसर घरी बदलता येतो का?

उत्तर : मित्र खोटं नाही बोलत, बसतो. पण तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ना ती प्रोसेसरची नाहीतच. पैसे घालवायच्या आधी एक करा, पुढच्या वेळी लॅपटॉप थिजला की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तीनच आकडे बघा. सीपीयू २०-३० टक्क्यांवर लोळतोय, मेमरी ९० च्या वर आणि डिस्क १०० ला चिकटलेली असं दिसलं तर (आणि तुमचं वर्णन वाचून मला असंच दिसेल असं वाटतंय) प्रोसेसरचा विषय सध्या बाजूला ठेवा. होतं काय, की रॅम भरली की विंडोज मावत नाही ते डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं, त्यात तुमची डिस्क फिरत्या तबकडीची, तिला प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी आतली सुई इकडून तिकडे न्यावी लागते, ती घरघर त्याचीच. तोपर्यंत प्रोसेसर हात बांधून उभा. आय७ टाकलात तर आय७ हात बांधून उभा राहील, एवढाच काय तो फरक.

म्हणून माझ्या मते क्रम असा, आधी रॅम आणि एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क), प्रोसेसर सगळ्यात शेवटी आणि तोही हौस असेल तरच.

रॅम तुमच्या लॅपटॉपला डीडीआर३ लागते, लॅपटॉपवाली छोटी पट्टी, २०४ पिनची. जुन्या पट्टीवरचं स्टिकर वाचा, पीसी३-१०६०० लिहिलं असेल तर ती १३३३ वेगाची, पीसी३-१२८०० म्हणजे १६००ची. १६००ची घेतली तरी बिघडत नाही, हा प्रोसेसर तिला १३३३लाच चालवेल. नावापुढे 'एल' असलेली १.३५ व्होल्टची पट्टीपण चालते. डीडीआर४ मात्र चुकूनही घेऊ नका, तिची खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही आणि जोर लावलात तर स्लॉट जाईल. दोन स्लॉट असतील तर एक ८ची घेण्यापेक्षा दोन ४च्या घ्या, दोन्ही वाटांनी एकदम डेटा जातो आणि यातलं ग्राफिक्स याच रॅमवर जगत असल्याने व्हिडिओ बघताना फरक जाणवतो. हा प्रोसेसर १६ जीबीपर्यंत घेतो. मॅन्युअलमध्ये ८ लिहिलेलं असलं तरी बऱ्याचदा १६ चालते, कारण मॅन्युअल छापलं तेव्हा ८च्या पट्ट्या फारशा मिळतच नव्हत्या. तुम्हाला ८ पुरेत.

एसएसडी २.५ इंची साटा घ्या, जुन्या डिस्कच्या जागी तशीच बसते.

आता प्रोसेसर. तुमचा विश्वास बसावा म्हणून सीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाका आणि त्यात पॅकेजची ओळ बघा. तिथे आरपीजीए ९८८बी असं आलं तर तो सॉकेटमध्ये आहे, निघतो. बीजीए आलं तर मदरबोर्डला डाग देऊन चिकटवलेला आहे, विसरून जा. निघणारा असला तरी कुठलाही बसत नाही. २०१० च्या पहिल्या पिढीचा आणि २०१३ च्या चौथ्या पिढीचा सॉकेट वेगळा. तिसऱ्या पिढीचा सॉकेटमध्ये बसतो खरा, पण तुमच्या बायोसला (लॅपटॉप चालू होताना विंडोजच्या आधी चालणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) तो ओळखू आला पाहिजे, नाहीतर काळा स्क्रीन. सुरक्षित म्हणजे तुमच्याच दुसऱ्या पिढीतला.

त्यातही मित्राचा क्वाड कोर मी टाकणार नाही. तुमचा आय३ ३५ वॅटचा, आय७ २६७०क्यूएम ४५ वॅटचा. लॅपटॉपमधली तांब्याची नळी आणि पंखा ३५ वॅटच्या हिशोबाने बसवलेला असेल तर दहा मिनिटं जोरात चालेल, मग तापेल आणि तापला की प्रोसेसर स्वतःच वेग पाडतो, म्हणजे आय७चे पैसे देऊन आय३चा वेग. त्यापेक्षा आय५ २५२०एम बघा, तोही ३५ वॅटचाच. तुमचा २.१ गिगाहर्ट्झवर अडकलेला, त्याला टर्बो (गरजेपुरता आपोआप वाढणारा वेग) नाहीच, हा २.५ वरून गरज पडली की ३.२ पर्यंत जातो. शिवाय डिस्क एन्क्रिप्ट करत असाल तर त्याची आकडेमोड करणारी वेगळी सोय आय५मध्ये आहे, तुमच्या आय३मध्ये नाही.

घरी बदलता येतो, पण एक संध्याकाळ जाते. चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. हीटसिंकच्या (प्रोसेसरवर बसलेल्या त्या तांब्याच्या नळीच्या) स्क्रूंजवळ १, २, ३, ४ आकडे छापलेले असतात, काढताना उलट क्रमाने आणि थोडे थोडे सैल करत, एकच आधी पूर्ण नाही काढायचा. जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) खडूसारखी सुकलेली असते, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा. सॉकेटच्या कडेला चपटी खाच असलेला एक स्क्रू आहे, तो अर्धा फिरवला की प्रोसेसर आपोआप मोकळा होतो, उचकटायचा नाही. नव्याच्या एका कोपऱ्यात बारीक सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा आणि नुसता ठेवा, बरोबर असेल तर स्वतःच्या वजनाने बसतो. मग तो स्क्रू परत उलटा फिरवून प्रोसेसर पक्का करा आणि त्यावर पेस्टचा छोटा ठिपका.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सगळं नीट झालं म्हणून खूश होते, चालूही झाला, आणि आठव्या मिनिटाला धाडकन बंद. परत सुरू, परत बंद. तासभर मी नव्या प्रोसेसरला शिव्या घातल्या. उघडून बघितलं तर पंख्याची इवलीशी वायर लावायचीच राहिलेली. तेव्हा झाकण लावायच्या आधी चालू करून पंख्याची झुळूक हाताला लागते का बघा.

आणि एक, आय५ काय आय७ काय, या सॉकेटमधला कुठलाही टाकलात तरी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा लॅपटॉप येत नाही, तिथे इंटेलची आठवी पिढी लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून या मशीनवर किती खर्च करायचा ते आधी ठरवा. रॅम आणि एसएसडी घालून त्यावर हलकं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलंत तर रोजच्या कामाला अजून बरीच वर्षं जातील.

प्रश्न : मी रॅम ४ची ८ केली. बायोसमध्ये ८ दिसतेय पण विंडोजमध्ये 'वापरण्यायोग्य ३.४ जीबी' असंच येतंय. पट्टी खराब आहे का?

उत्तर : पट्टी ठणठणीत आहे, तुमचं विंडोज ३२ बिटचं आहे. त्याला ४ जीबीच्या पुढे मोजताच येत नाही, आणि त्या चारातलाही काही भाग ग्राफिक्स आणि बाकी हार्डवेअर खातं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम टाइप बघा, एक्स६४ प्रोसेसर पण ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम असं लिहिलेलं सापडेल. ६४ बिटचं टाकावं लागेल, आणि ते वरून अपडेट होत नाही, पुसून नव्यानेच टाकायचं, म्हणून आधी फाइल्सचा बॅकअप. ६४ बिट असूनही असंच दिसत असतं तर मग पट्टी काढून परत बसवा म्हटलं असतं.

प्रश्न : नवी पट्टी टाकल्यापासून स्क्रीन काळाच. पंखा फिरतो, लाइट लागतो, बाकी काही नाही. मदरबोर्ड गेला का?

उत्तर : दहातल्या नऊ वेळा पट्टी नीट बसलेली नसते. ती साधारण ३० अंशात तिरकी आत सरकवायची, सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत, आणि मग खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या चिमट्यांचा टक आवाज येतो. लोक सरकवायच्या आधीच खाली दाबतात, चिमटे लागतातही, पण दात अर्धे बाहेरच. तरी नाही झालं तर एकच पट्टी ठेवून बघा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. पहिल्यांदा चालू करताना मिनिटभर थांबा, काही लॅपटॉप नवी रॅम ओळखायला वेळ घेतात. चालू झाला की मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर लावून ठेवा, एकही लाल ओळ आली तर पट्टी परत करा.

प्रश्न : माझा आय५ ८२५०यू आहे, ४ जीबी रॅम बोर्डवरच आहे आणि एक स्लॉट रिकामा. प्रोसेसर बदलून मिळेल का? आणि ८ची पट्टी टाकली तर ४ आणि ८चं जमेल का?

उत्तर : प्रोसेसर नाही. शेवटचा 'यू' म्हणजे बोर्डलाच चिकटलेला. पाचव्या पिढीपासून तर इंटेलचे लॅपटॉपचे सगळे तसेच येतात, त्यामुळे नवीन घेताना प्रोसेसर नीट निवडून घ्यायचा, नंतर काही करता येत नाही. पण तुमचा चार कोरचा आहे आणि विंडोज ११ च्या यादीतही आहे, बदलायची गरजच काय?

रॅमचं जमतं. एकूण १२ होईल, त्यातले ८ दोन्ही वाटांनी चालतील आणि उरलेले ४ एका वाटेने, म्हणजे ग्राफिक्सच्या कामात कधीतरी किंचित फरक पडेल, टॅब आणि एक्सेलला कळणारही नाही. आधी बोर्डवरची रॅम डीडीआर४ आहे ना ते सीपीयू-झेडमध्ये बघून घ्या, आणि पट्टी २४००ची घ्या किंवा ३२००ची, चालणार २४००वरच, जी स्वस्त मिळेल ती घ्या.