आधी टपालाचं प्रकरण लिही

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या उजव्या ख्रिस्ती राजकारणावरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. मेहनत दिसते आहे. पण तू सुरुवात राष्ट्राध्यक्ष रेगनच्या निवडणुकीपासून केली आहेस, ती बदल.

जेम्स डॉब्सन पाद्री नव्हते, बालमानसशास्त्रज्ञ होते, हे तू तळटीपेत टाकलं आहेस. अगं, सगळी किल्ली तिथेच आहे! १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांनी ‘फोकस ऑन द फॅमिली’ ही ख्रिस्ती संस्था सुरू केली, आणि रेडिओवरून आईबापांशी बोलायला लागले. मूल हट्ट करतं, नवरा घरी बोलत नाही, वयात आलेली मुलगी ऐकत नाही. ऐकणारे पत्रं लिहीत, संस्था उत्तरं पाठवी. १९९१ मध्ये मुक्काम कोलोरॅडो स्प्रिंग्जला हलला. टपाल इतकं की संस्थेला स्वतःचा वेगळा झिप कोड, म्हणजे तिथला पिन कोड, आहे.

मी तेव्हा त्याच कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरला होते. शेजारणीचा चार वर्षांचा मुलगा हाताला येईल ते भिरकावायचा. तिने पत्र लिहिलं, दोन पानी उत्तर आलं. त्यात मुलाचं नाव होतं, घाबरू नका असं होतं, प्रार्थना होती. ते पत्र तिने स्वयंपाकघराच्या खणात, पाककृतींच्या कार्डांखाली जपून ठेवलं होतं. १९९२ च्या शरदात कोलोरॅडो राज्याच्या घटनेतल्या ‘दुरुस्ती क्र. २’ वर मतदान आलं, तेव्हा मी तिला विचारलं, तू काय करणार? ती म्हणाली, “ज्यांनी माझ्या लेकराला समजून घेतलं, ते मला चुकीचं कशाला सांगतील?”

ती बाई भोळी नव्हती. आराखड्यात तू ‘भाबडा मतदार’ असं लिहिलं आहेस, तो शब्द काढून टाक.

पण त्या दुरुस्तीत काय होतं तेही तितक्याच ठळकपणे लिही. डेन्व्हर, बोल्डर, अ‍ॅस्पेन या शहरांनी नोकरी आणि घराच्या बाबतीत समलिंगी लोकांना दिलेलं संरक्षण तिने रद्द होणार होतं, आणि पुढेही कुणाला ते देता येणार नव्हतं. सुमारे ५३ टक्के मतांनी ती मंजूर झाली. न्यायालयाने अंमल रोखून धरला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती घटनाबाह्य ठरवली. निकाल तू दिला आहेस, माणसं दिली नाहीस. आमच्याच गल्लीत दोन पुरुष एकत्र राहत. मतमोजणीनंतरच्या आठवड्यात त्यांच्या टपालपेटीवरच्या दोन आडनावांतलं एक खरवडून काढलेलं मी पाहिलं. शेजारणीची आणि त्यांची, एकाच गल्लीतल्या त्या दोन टपालपेट्या तुझ्या प्रबंधात शेजारी शेजारी आल्या पाहिजेत.

संस्थांची जंत्री आटोपशीर ठेव. एवढं मात्र नीट उलगड की करमाफी असलेल्या धर्मादाय संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. म्हणून २००४ मध्ये ‘फोकस’ची राजकारणासाठी निराळी शाखा निघाली, आणि त्याच नोव्हेंबरात ११ राज्यांनी समलिंगी विवाहाविरुद्ध घटनादुरुस्त्या मंजूर केल्या. वॉशिंग्टनमध्ये धोरणांवर दबाव आणायला ‘फॅमिली रिसर्च कौन्सिल’ आधीपासून होतीच. कोर्टाच्या कामासाठी ‘अलायन्स डिफेंडिंग फ्रीडम’. तिच्याही संस्थापकांत डॉब्सन. मिसिसिपीच्या ज्या कायद्यावरून २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला, त्याच्या मसुद्याला याच संस्थेचा हात लागला होता. वकील, देणग्या, राज्याराज्यांतल्या शाखा हे सगळं आहेच, पण आधी स्वयंपाकघरातला विश्वास कमावला होता म्हणून ते उभं राहिलं. मला या राजकारणाचा राग आहे, तुलाही आहे, आणि तो लपवू नकोस. फक्त शेजारणीला तो विश्वास का वाटला हे न सांगता तो राग कागदावर उतरवलास, तर तुझं अर्धं काम राहून जाईल.

स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीविरुद्ध लढलेल्या फिलिस श्लाफ्ली कॅथलिक होत्या. तू त्यांना इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका प्रवाहातल्या, म्हटलं आहेस, ते दुरुस्त कर. आणि मुलाखतींसाठी जाशील तेव्हा पहिला प्रश्न मताबद्दल विचारू नकोस. त्यांची मुलं लहान होती तेव्हा घरात रेडिओ कुठे ठेवलेला असायचा, ते विचार. नवं पहिलं प्रकरण झालं की लगेच पाठव, बाकीची नंतर बघू.

तुझी,
मावशी